पुसलेली धूळ

टॅब्लेटवर मी ‘छत उघडा’ दाबलं आणि शेतावरच्या कॅमेऱ्यात दिसलं, की छताच्या चाकांखाली कोणीतरी लिंबं ठेवली आहेत.

थांबवायला वेळ मिळाला नाही. पत्र्याचं छत रुळांवरून सरकत गेलं आणि लिंबं एकेक करून चिरडली. दिवस नुकताच मावळला होता. आत दुर्बिणीच्या नळीवर हळदकुंकवाची बोटं उमटलेली, खाली झेंडूची माळ, दाराला केळीचे खांब. आदल्या दिवशी आयुधपूजा झाली होती. त्या दिवशी बंगळूरमध्ये बसपासून शिलाई मशीनपर्यंत सगळं धुऊन-पुसून पूजतात, आणि गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवून गाडी वरून नेतात. छतालाही चाकं असतात, हे मुनिराजूच्या लक्षात होतं.

मुनिराजू आमच्या शेतावरचा राखणदार. शेत शहरापासून लांब आहे, जिथे रात्री खरोखर अंधार असतो. हौशी लोक आपल्या दुर्बिणी तिथे ठेवतात आणि घरी बसून आकाशाचे फोटो काढतात. छत, दुर्बीण फिरवणारं यंत्र, कॅमेरा, फोकस, सगळं टॅब्लेटवरून चालतं. ही व्यवस्था सांभाळणं माझं काम. ते मी जे. पी. नगरला, घरी जेवणाच्या टेबलाशी बसून करतो. माझी बायको उषा गेल्यापासून टेबलाची समोरची बाजू मोकळी असते. तिथे चार्जर ठेवतो.

ही दुर्बीण चामराजपेटेतल्या एका निवृत्त शिक्षकांची होती. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. सिंह राशीत तीन दीर्घिका शेजारी शेजारी दिसतात. शेजारणींच्या ओढीने त्यातल्या एकीचे तारे मागे खेचले गेले आहेत, त्यांची लांब, अतिशय फिकट शेपटी झाली आहे. अण्णांना ती शेपटी हवी होती. अख्खा मोसम ते तेवढंच करत राहिले. फोटो काढून झाले आणि पावसाळ्याच्या तोंडावर अण्णा गेले. गणपतीनंतर त्यांच्या पत्नीचा, इंदिराक्कांचा फोन आला. “तेवढं चित्र पुरं करून द्या. वर्षश्राद्धाला लावायचंय.”

उरलं होतं फक्त फ्लॅट्स घेण्याचं काम. कॅमेऱ्यातल्या काचेवर धुळीचे कण बसतात. प्रत्येक कणाची सावली फोटोत काळ्या कड्यासारखी उमटते. म्हणून दुर्बिणीसमोर पांढरा, एकसारखा प्रकाश धरून वेगळा फोटो काढतात. त्यात तारे नसतात, फक्त धुळीच्या सावल्या असतात. तो फ्लॅट. त्याच्या आधाराने मूळ फोटोतून सावल्या वजा होतात. अट एकच: धूळ जागची हललेली नसावी. अण्णा मोसम संपल्यावर स्वतः शेतावर जाऊन फ्लॅट्स घ्यायचे. त्या वर्षी ते राहिलं. पावसाळाभर आम्ही यंत्रणा बंद ठेवतो. कॅमेरा बंद, छत बंद. धूळ कुठे जाणार होती?

मी दुर्बीण अभिजित ताऱ्याकडे वळवली आणि चाचणीचा फोटो घेतला. चित्रातले तारे ओळखून कॅमेरा कोणत्या कोनात बसला आहे, हे सॉफ्टवेअर सांगतं. उन्हाळ्यातला कोन आणि आजचा कोन जुळेना. म्हणजे कॅमेरा कोणीतरी काढून परत बसवला होता.

मुनिराजूला फोन लावला. आमचं बोलणं त्याच्या-माझ्या मोडक्या हिंदीत चालतं.

“मुनिराजू, कॅमेरा निकाला था क्या?”

“हौदु सार. पूजा के लिए. अंदर का काच भी क्लीन किया. नया बनियन से, सार. एकदम सॉफ्ट.”

“किसने बोला?”

“अक्का फोन किया था. बोली, इस साल सार नहीं है, तुम अच्छा से करना. कुछ छोड़ना नहीं.” मग म्हणाला, “फोटो अब अच्छा आएगा ना सार?”

मी ‘हां’ म्हटलं. उषा गेली तेव्हा माझ्या बहिणीने घर आवरताना उषाचा चष्मा साबणाने धुतला, पुसला आणि माझ्या हातात दिला. तिलाही मी काही बोललो नव्हतो.

तरी पहाटे उजळत्या आकाशाकडे दुर्बीण वळवून फ्लॅट घेतला. इतका स्वच्छ फ्लॅट मी या कामात पाहिला नव्हता. एकही कण नाही. कोनाचा प्रश्न सोपा होता, चित्र फिरवता येतं. पण अण्णांच्या फोटोंवर तीन काळी कडी होती आणि त्यांना वजा करायला आता काहीच शिल्लक नव्हतं. दोन कडी रिकाम्या आकाशात होती. तिसरं नेमकं शेपटीवर.

झालेलं सगळं रोहितला कळवलं, तसा सकाळी त्याचा फोन आला. हा आमचा मालक, नागपूरचा, माझ्याहून वीस वर्षांनी लहान.

“केळकर सर, त्या तीन डागांचं काय करून राहिले तुम्ही? सॉफ्टवेअरने भरून टाका ना. दोन मिनिटांचं काम.”

“तिसरा शेपटीवर आहे.”

“मग शेपटीही भरून निघंल.”

“ती सॉफ्टवेअरची शेपटी होईल.”

“बाईंना कळणार आहे का?”

“नाही.”

“मग झालं तर. आणि पुसलं कोणी ते बोलू नका. तांत्रिक कारण म्हणा. बिचारी उगाच मनाला लावून घेईल.”

शेवटचं मला पटलं. तांत्रिक कारण म्हणायचं, असं ठरवून टॅब्लेट पिशवीत घातला आणि बसने चामराजपेटेला गेलो.

अक्कांनी कॉफी दिली. भिंतीशी अण्णांची हत्यारांची पेटी होती. दरवर्षी तिच्यावर कुंकू असायचं. या वर्षी नव्हतं.

“वर्ष होईपर्यंत घरात सण नाही,” माझी नजर पाहून अक्का म्हणाल्या. “म्हणून मुनिराजूला सांगितलं, तिथे तरी होऊ दे. ह्यांची आयुधं कधी बिनपूजेची राहिली नाहीत. नीट केली ना त्याने?”

“नीट केली. छताच्या चाकांखाली लिंबंसुद्धा ठेवली होती.”

“अय्यो, छताला!” त्या हसल्या. अण्णा गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

मी चित्र उघडलं. त्यांनी टॅब्लेट जवळ ओढून घेतला.

“हे काळं काय?”

“तांत्रिक कारण आहे, अक्का. काढता येत नाही.”

“केळकर, हे रोज जेवताना मला दुर्बीण समजावून सांगायचे. मी ऐकत नव्हते, तरी कानावर पडायचं. मला कळेल. स्वल्प सावकाश सांगा.”

मग सांगावं लागलं. धूळ, सावली, पांढरा प्रकाश, वजाबाकी. संपल्यावर अक्कांनी विचारलं,

“धूळ जागेवर असती तर हा डाग गेला असता?”

“हो.”

“आणि ती पुसली.”

मी कपाकडे पाहिलं.

“मीच सांगितलं होतं, काही सोडू नकोस म्हणून,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बोलणार नव्हता.”

“नव्हतो.”

“सरी,” त्या म्हणाल्या. म्हणजे ठीक आहे.

बाहेर रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं. अक्कांनी उठून खिडकी लावून घेतली. मग मी म्हटलं, डाग सॉफ्टवेअरने भरता येतील. नाहीतर जानेवारीनंतर सिंह रास पुन्हा वर येईल, मी नव्याने फोटो काढून देईन.

“भरला तर तिथे काय येईल?”

“आजूबाजूचं बघून सॉफ्टवेअर ठरवेल.”

“आणि नवीन काढलात तर तो तुम्ही काढलेला.”

“हो.”

त्यांनी शेपटीवरून बोट नेलं. काचेला न टेकवता. डागापाशी थांबल्या. “इथून पुढे आहे का ती?”

“थोडी आहे. बघा, इथे.”

“मग असू दे. मुनिराजूला काही बोलू नका.”

वर्षश्राद्धाला मी गेलो होतो. चित्र अण्णांच्या फोटोशेजारी लावलं होतं, तिन्ही कड्यांसकट. जेवताना त्यांच्या पुतण्याने विचारलं, “काकू, ते काळं वर्तुळ काय आहे? ब्लॅक होल?”

“धूळ,” अक्का म्हणाल्या आणि त्याच्या पानात भात वाढला.

शेतावर आता नियम केला आहे. मोसमाचा शेवटचा फोटो झाला, की दुसऱ्याच दिवशी फ्लॅट्स. पूजा त्यानंतर. मुनिराजूने कारण विचारलं. मी सांगितलं, आधी धुळीचा फोटो घ्यायचा, मग धूळ पुसायची. त्याला ते पटलेलं नाही. पण तो तसं करतो.