अक्काचा चातुर्मास

आम्ही शिरूर अनंतपाळकडचं गाव सोडून लातूरला आलो तेव्हा वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. एका डाळमिलच्या मागं पत्र्याची खोली मिळाली. आई त्याच मिलमध्ये डाळ निवडायला बसणार होती म्हणून मिळाली. खोलीत भांडी कोणती होती ते आठवत नाही, डाळीची पिवळी धूळ मात्र आठवते. ती केसांत असायची, पांघरुणात असायची, पाण्याच्या घागरीवर तिचा थर यायचा. आईच्या एकटीच्या कमाईत भागेना, तेव्हा सातवी झालेल्या अक्काला शाळेतून काढून तिच्याशेजारी बसवलं. मला काढलं नाही. मी तिच्याहून पाच वर्षांनी लहान, आणि मुलगा. पुढं मी नांदेडला कॉलेज केलं, सगळ्या भावकीत पहिला पदवीधर झालो आणि तिथंच नोकरीला लागलो. हे मी आजवर छाती फुगवून सांगत आलो. त्या पदवीसाठी शाळा कुणाची सुटली, ते सांगायचं मात्र दर वेळी राहून जायचं.

दीड महिन्यापूर्वी, सकाळी अकराच्या सुमारास, ऑफिसात दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे अक्काचे मालक, त्याच मिलमध्ये चक्कीवर असतात. फोनवर दोन शब्द बोलायचे तर घाम फुटणारा माणूस. "दत्ता, अक्का गेली रे," एवढंच म्हणाले. भाकरी थापता थापता खाली बसली ती उठलीच नाही. हृदय बंद पडलं. लातूरच्या बसमध्ये अहमदपूर येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की हृदयाचे तर सगळे रिपोर्ट चांगले आले होते… आले होते, पण त्याला अठरा वर्षं झाली होती.

अठरा वर्षांपूर्वी अक्काला भीती लागली. कशाची, ते तिलाही सांगता यायचं नाही. बाजारात चालता चालता छातीत धडधड सुरू व्हायची, हातपाय गार पडायचे, आता आपण मरतो असं वाटून ती तिथंच खाली बसायची. मग बाजार बंद झाला, मग मिल बंद झाली. मग अंथरुणावर भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागली. कारण विचाराल तर मला आजही सांगता येणार नाही. दाजी चांगले, मुलगी गुणाची, हाताला काम. तरी झालं. हृदय तपासलं, देवाचं बघून झालं, दर्ग्याला जाऊन झालं. आणि मी, शिकलेला भाऊ, नांदेडहून येऊन तिच्या उशाशी बसून म्हणालो, "टेन्शन घेऊ नको." इतकं बिनकामाचं वाक्य मी जन्मात दुसरं बोललो नसेन. तिनं भिंतीकडंच बघत उत्तर दिलं, "मी घ्यायला गेले व्हते व्हय त्याला?"

शेवटी दाजींनीच तिला लातूरमधल्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. गोळ्या सुरू झाल्या. दोनेक महिन्यांनी ती परत मिलमध्ये जाऊन बसली, हसायला लागली, शेजारणीला टोमणे मारायला लागली. त्या गोळ्यांनी आमची अक्का आम्हाला परत दिली, हे मी आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कुणाचा गैरसमज नको. पण पाहुण्यारावळ्यांत विचारणा झाली की मी सांगायचो, थायरॉईडच्या गोळ्या आहेत. खोटं बोलणारा घरातला पदवीधर होता. सातवी शिकलेली बाई खाली मान घालून ऐकून घ्यायची.

दहा वर्षं अशी गेली. मग आई वारली. त्या दिवशी अक्का आल्यागेल्याला पाणी देत होती, आईला नेसवायचं लुगडं तिनंच काढलं, सगळं केलं, पण डोळ्याला पाणी नाही. बायका आपसात बोलल्या, लेकीला मायेचं काहीच कसं वाटलं न्हाई. ते तिच्या कानावर गेलं. महिनाभरानं मला म्हणाली, "दत्ता, मला रडू येईना रे. आत हाय, पण कुणीतरी वरून दगड ठेवल्यागत हाय." डॉक्टरबाईंना विचार म्हणालो. ती म्हणाली, विचारीन. विचारलं नाही. त्या चिडतील, असं तिला वाटलं. तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं, की हा दगड गोळ्यांचाच आहे, आपण त्यांच्याशिवाय जगून बघायचं.

आमच्याकडं आषाढीपासून कार्तिकीपर्यंत बायका काहीतरी खायचं सोडतात. चातुर्मासाचा नियम. अक्कानं एका वर्षी वांगी सोडली होती, एकदा कांदा, एकदा चहा. चहाच्या वर्षी दाजींचे हाल झाले होते, कारण स्वतःला नाही म्हटल्यावर ती त्यांनाही करून देईना. आई गेल्याच्या तिसऱ्या वर्षी मी फोनवर विचारलं, "अक्का, यंदा काय सोडलंस?" तर म्हणाली, "सांगायचं नसतंय." मला वाटलं, असेल काही गोडधोड.

आठवड्यात दाजींचा फोन आला. अक्काला चक्कर येत होती. डोळे फिरवले की डोक्यात करंट लागल्यासारखा झटका बसायचा. पोट बिघडलं, झोप उडाली. दाजींच्या अंगावर ताट फेकलं, आणि दूध उतू गेलं म्हणून तासभर रडली. मी पहिल्या बसनं लातूरला गेलो. घरात रजियाभाभी बसलेल्या होत्या. भाभी म्हणजे मिलमध्ये वीस वर्षं अक्काच्या शेजारी बसून डाळ निवडणाऱ्या, तिच्या सगळ्या गुपितांच्या धनी. मला बघून म्हणाल्या, "भाऊ, विचारा जरा तुमच्या अक्काला, देवाला काय सोडलं ते. आम्ही रोजे धरतो तर दवा कवा घ्यायची ते डॉक्टरला विचारून धरतो. ही बाई सरळ बंदच करून बसली."

मी अक्काकडं बघितलं. ती पदराशी चाळा करत होती.

"गोळी सोडलीस? देवाला?"

"मग काय सोडू? आवडीची वस्तू सोडावी लागती. वांगं मला आवडतच न्हाई, ते सोडून देवाला काय मिळालं?"

"आणि गोळी आवडती?"

"तिच्याबिगर जमत न्हाई. म्हणजे आवडतीच की."

भाभी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला हसू आलं नाही. मी चिडून म्हणालो, आता जन्मभर गोळ्या घ्यायच्या, विषय संपला. अक्का म्हणाली, "तुझा संपला. हे दुधापायी रडले ना, ते दुधापायी नव्हतं. मायेपायी होतं. आलं तर खरं." आणि परत रडायला लागली. भाभींनी तिचे हात आपल्या मांडीवर धरून ठेवले.

डॉक्टरबाईंकडं जाताना मी रागावून घ्यायची तयारी ठेवली होती. बाई रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. सगळं ऐकून म्हणाल्या, "सुभद्राबाई, देवाला यंदा वांगीच चालतील. गोळी सोडवायचं काम माझं." मग त्यांनी समजावलं. हे नशेसारखं व्यसन नाही, पण इतक्या वर्षांत शरीराला सवय झालेली असते. एकदम काढलं की शरीर गोंधळतं, म्हणून हे झटके. आधी गोळी परत चालू करायची, तब्येत बसू द्यायची, आणि मग सहा महिन्यांनी, सगळं ठीक असेल तर, थोडी थोडी कमी करायची. तिची गोळी मोडून घेता येते, सगळ्या येत नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. अर्धी कशी करायची ते दाखवायला लागल्या तेव्हा अक्का पहिल्यांदा ताठ बसली. "बाई, जन्म गेला माझा डाळमिलमधी. अर्धं करायला मला शिकवता व्हय?"

मग तिनंच डॉक्टरांना शिकवलं. तुरीला आधी तेल चोळतात, पाण्याचा हात देतात, मग उन्हात टाकतात, झाकून ठेवतात, परत उन्हात टाकतात. असे चार-पाच दिवस काढले की साल सुटते आणि दाण्याच्या सरळ दोन डाळी होतात. घाई करून तशीच चक्कीत टाकली तर डाळ थोडी आणि चुनीच जास्त. चुनी म्हणजे भुगा, जनावरांच्या कामाचा. "मी कच्चीच तूर घातली चक्कीत," अक्का म्हणाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मग आता ऊन किती दिवस द्यायचं ते दोघी मिळून ठरवू."

ते ऊन जवळपास दोन वर्षं चाललं. एक पायरी उतरायची, काही आठवडे तिथंच राहायचं, डॉक्टरांना दाखवायचं, मग पुढची. अक्कानं त्यात आपलं एक घातलं होतं: ज्या महिन्यात घरात लग्न किंवा मयत, त्या महिन्यात पायरी उतरायची नाही. मधे दाजींचा हात चक्कीच्या पट्ट्यात सापडून मोडला, तेव्हा ती डॉक्टरांना विचारून एक पायरी परत वर गेली. मला वाटलं, आता खचणार. तर फोनवर म्हणाली, "पावसाळी दिवस हाय, वाळायला येळ लागंल." आणि ह्याच काळात तिनं मिलमधल्या बायकांना सरळ सांगून टाकलं, की माझी मनाची गोळी हाय, थायरॉईड-बियरॉईड काय न्हाई. त्यांतल्या दोघी नंतर तिच्याबरोबर त्याच दवाखान्यात गेल्या.

अर्ध्यावर आली त्या उन्हाळ्यात एका दुपारी तिचा फोन आला. मी हॅलो म्हणालो आणि पलीकडून रडणं ऐकू आलं. घाबरून ऑफिसच्या व्हरांड्यात आलो. "अक्का, काय झालं?" "काय न्हाई. मायेचं लुगडं सापडलं पेटीत." मी फोन कानाला लावून उभा राहिलो, लोक जात-येत होते. पंधरा-वीस मिनिटं ती आईसाठी रडली, काही वर्षं उशिरानं… मग नाक ओढून म्हणाली, "झालं. ठेवते. तूर वाळत घातलीया, कबुतरं बसतील."

भीती गेली नव्हती. शेवटचा पाव तुकडा सुटल्यावर तीनेक महिन्यांनी गंजगोलाईच्या बाजारात तिला पुन्हा तीच धडधड सुरू झाली, भाभी सोबत होत्या. अक्का एका किराणा दुकानाच्या पायरीवर बसली, पिशवीतली डाळ काढली, दुकानदाराला ताट मागितलं आणि निवडायला लागली. दुकानदार म्हणाला, "मावशी, निवडलेलीच आहे ती." अक्का म्हणाली, "तुझी असंल. माझी न्हाई." अर्ध्या तासानं हात थांबले. ताट परत देऊन ती उठली आणि दोघी राहिलेला बाजार करून, रिक्षा न करता, पायी घरी आल्या. दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन डॉक्टरांना सांगून आली. परत गोळी लागली असती तर घेतली असती. तशी तयारी करूनच गेली होती. लागली नाही.

अक्काचं चौदावं झाल्यावर दाजींनी मला तिची दवाखान्याची फाइल दिली. "तू शिकलेला, तुझ्यापाशी ठेव." बसमध्ये मी ती पहिल्यापासून वाचली. शेवटच्या पानावर डॉक्टरबाईंनी लिहिलं आहे: औषध बंद. गरज वाटल्यास यावे. त्याखाली पेन्सिलीनं, सातवीतच थांबलेल्या गोल अक्षरात, अक्कानं लिहिलं आहे: वाटली तर जाईन.

त्या पानावरच्या तारखेपासून ती गेली त्या दिवसापर्यंत दोन वर्षं सात महिने होतात. तेवढे दिवस अक्का गोळीशिवाय राहिली. भीती अधूनमधून येत होती, आणि तरी आदल्या संध्याकाळपर्यंत ती मिलमध्ये कामावर होती.