सतरा नंबरचा बैल

बैल प्रेसच्या दारात उभा होता, अर्धा आत आणि अर्धा रस्त्यावर. तोंड कागदाच्या थप्पीपाशी, शेपूट टांग्यांच्या वाटेत. खिल्लार जातीचा, चुन्यासारखा पांढरा, आणि उंचीला एवढा की त्याच्या पोटाखालून मी टोपी न काढता गेलो असतो. कासरा धरून तात्याबा उभे होते. माळशिरसकडचे शेतकरी. दुसऱ्या हातात पत्त्याएवढं एक रंगीत कार्ड.

"मिस्त्री कोन हितं?"

"मी."

"ह्ये चित्र तुमीच छापलं?"

"मीच." त्या वयात मी कुठलंही काम आधी माझंच म्हणायचो. काय काम ते नंतर विचारायचो.

"मग ह्यो बैल कुणाचा ते बी तुमीच सांगा."

मी चित्राखालची ओळ वाचून दाखवली. नंबर १७, पाखऱ्या, मालक तात्याबा, तालुका माळशिरस.

"लिवलंय बरोबर," तात्याबा म्हणाले. "बैल माझा न्हाय."

मी कार्ड पाहिलं, बैल पाहिला. पुन्हा कार्ड पाहिलं. दारातल्या बैलाच्या उजव्या कानाला चीर होती, कार्डातल्याच्या डाव्या कानाला. खऱ्याच्या उजव्या खांद्यावर केसांचा भोवरा होता, छापलेल्याच्या डाव्या.

आता थोडं मागे जावं लागेल.

तीस सालाच्या आगेमागे मी सोलापुरात एका लिथो प्रेसमध्ये मिस्त्री होतो. माझा हात असा होता की मी रोलर फिरवायला लागलो की गिरणीचा भोंगा दोन मिनिटं उशिरा व्हायचा, कारण भोंगेवाला खिडकीत उभा राहून बघत असे. त्या काळात विलायती सिगारेटच्या पाकिटातून रंगीत कार्डं निघत. बोटी, गोऱ्या बायका, क्रिकेट खेळणारे साहेब. कचेरीतले कारकून ती जमवत. चहाचे व्यापारी शिवलिंगप्पा यांनी ते पाहिलं आणि एक दिवस आमच्याकडे ऑर्डर घेऊन आले.

"मिस्त्री, आपल्या लोकांनी बोट कुठं बघितलीय? बैल बघितलाय की. बैल छापा."

त्यांची अक्कल लांबची होती. जिल्ह्यातले नामांकित चोवीस बैल. चोवीस नंबर. चहाच्या प्रत्येक पुडीत एक कार्ड, पुडी फोडल्याशिवाय नंबर कळायचा नाही. पुढे बैलाचं चित्र, मागे त्याचं गाव, उंची, वय आणि स्वभाव. बरोबर चोवीस घरांचा एक अल्बम. साधं जमवणाऱ्यासाठी नव्हे, नाद लागलेल्यासाठी काढलेला सेट होता तो. प्रत्येक घराखाली बैलाचं नाव आधीच छापलेलं, म्हणजे रिकामं घर माणसाला टोचत राहावं.

आणि टोचलं. महिन्याभरात सोलापुरात लोक चहा पिऊन पिऊन झोपेनासे झाले. गिरणीच्या दारात पाळी सुटली की कार्डांची अदलाबदल चाले. एका वकिलाने म्हणे नऊ नंबर मिळवण्यासाठी चालू खटल्यात समोरच्या पार्टीशी तडजोड केली. मी पाहिलं नाही, पण त्यानंतर तो वकील खुशीत दिसायचा एवढं खरं.

आता चूक. लिथो म्हणजे दगडावरून छपाई. गुळगुळीत दगडावर चरबीच्या खडूने चित्र काढायचं. दगड ओला केला की शाई फक्त चरबीला धरते, बाकी ठिकाणी बसत नाही. वर कागद ठेवून दाबला की चित्र कागदावर. पण दगडावर जे डावीकडे ते कागदावर उजवीकडे येतं. म्हणून अक्षरं आम्ही सरळ दगडावर लिहीत नसू. ती एका खास कागदावर सरळ लिहायची, तो कागद दगडावर पालथा दाबायचा, म्हणजे दगडावर उलटी आणि छापल्यावर सुलटी. याला ट्रान्सफर म्हणतात.

चित्रं काढली होती नरसय्याने. तेलुगू विणकरांच्या घरातला, आधी पातळांच्या काठांची नक्षी काढायचा. हात सोन्यासारखा. त्याने फोटो समोर ठेवले आणि चोवीस बैल एकाच मोठ्या दगडावर, सहा-सहाच्या चार ओळींत, थेट उतरवले. पातळाचा काठ डावीकडे काय, उजवीकडे काय, सारखाच. आयुष्यभर ज्याने काठ काढले त्याला बैलाला बाजू असते हे कशाला सुचेल? अक्षरं मात्र त्याने शिस्तीत ट्रान्सफर केली.

आणि प्रूफ पास केलं मी. प्रूफ तपासायचं म्हणजे आम्ही अक्षरं वाचायचो. काना, मात्रा, नंबर, सगळं जागेवर. सही ठोकली. चोवीसच्या चोवीस बैल फिरले होते. बाकी मालकांनी कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं आणि बोलले नाहीत. एकाला शंका आली, पण त्याने समजूत घातली की छापखान्याने बैल पलीकडून पाहिला असेल.

तात्याबांची गोष्ट वेगळी होती. त्यांच्या बैलांची जोड फुटली होती. पाखऱ्याचा जोडीदार मेला, आणि पाखऱ्या दुसऱ्या कुणाबरोबर जुवाखाली मान देईना. म्हणून त्याला सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत, जनावरांच्या बाजारात आणला. वळसंगचे एक पाटील उजव्या अंगाचा बैल शोधतच होते. त्यांच्या डाव्या बैलाला जोडीदार हवा होता. पण पाटील नादिष्ट. अल्बम बगलेत घेऊन बाजारात फिरणारे. त्यांनी सतरा नंबर काढला, बैलाच्या कानाला लावला आणि भर बाजारात जाहीर केलं, की हा पाखऱ्या नव्हे, त्याच्यासारखा दिसणारा दुसराच आणलाय.

"इकला न्हाय तर न्हाय," तात्याबा म्हणाले. "पर माझा बैल खोटा म्हनला त्यो, चार गावाम्होरं. आता ह्यो घिऊन घरी कुटल्या तोंडानं जाऊ?"

बाजार उठायला चार दिवस होते. आमचे मालक लग्नाला पुण्याला गेलेले. सही माझी. मी तात्याबांना म्हणालो, "पाटलांना बैल खरा म्हणायला लावल्याशिवाय मी शाईला हात लावणार नाही."

"शाईला हात लावून तर ह्ये झालं," तात्याबा म्हणाले.

आधी मी सोपा रस्ता धरला. बाजारातल्या न्हाव्याकडून आरसा उसना घेतला आणि पाटलांच्या समोर कार्ड आरशात धरलं. आरशात चीर बरोबर उजव्या कानाला गेली.

"बघा पाटील. हाच तो."

पाटलांनी आरशात बैल पाहिला, मग स्वतःच्या मिशा पाहिल्या, त्या ठीक केल्या आणि म्हणाले, "बेडा." म्हणजे कानडीत नको. "आरशात बघून मी बायको केली नाही, बैल कसा घेऊ? छापलेलं दाखव."

मी तिथून थेट शिवलिंगप्पांच्या दुकानात गेलो. सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उकळलेल्या चहासारखा वर आला.

"अय्यो मिस्त्री, हजारो पुड्या गावोगाव गेल्या. आता बैल उलटे म्हणून दवंडी पिटू?"

"दवंडी नको. सेट पुन्हा छापतो. सुलटा."

"आणि ज्यांचे अल्बम भरले ते?"

"ते पुन्हा चहा पितील."

शिवलिंगप्पांनी बोटांवर पुड्यांचा हिशेब केला. मग म्हणाले, "छाप."

चोवीस बैल नव्याने काढायचे तर दोन महिने. आमच्याकडे तीन दिवस, आणि तेही दिवसाउजेडीच, कारण कंदिलाच्या उजेडात पिवळा आणि पांढरा एकच दिसतो. मी एक युक्ती काढली. जुन्या दगडावरून ट्रान्सफरच्या कागदावर छाप घ्यायचा, तो ओला असतानाच दुसऱ्या कागदावर पालथा दाबायचा, आणि तो दुसरा कागद नव्या दगडावर. मध्ये एक जादा पालथा, म्हणजे बैल पुन्हा सुलटा.

बोलायला सोपं. शाई प्रत्येक पालथ्याला निम्मी होते. पहिल्या दिवशी दगडावर बैल उतरले ते बैलांची भुतं वाटत होती. नरसय्याने खडू घेतला आणि चोवीस बैलांत पुन्हा जीव भरला. मान वर न करता. चूक कळल्यापासून तो माझ्याशी बोलला नव्हता. एकदाच म्हणाला, "मिस्त्री, काठाला कान नसतो."

दुसऱ्या दिवशी रंग. तीन रंगांचे तीन दगड, आणि तिन्ही एकमेकांवर अचूक बसले पाहिजेत. ओला कागद ताणला जातो. पहिल्या छापात एका बैलाला सहा शिंगं आली. तो छाप मी जपून ठेवला आहे, कुणाला बघायचा असेल तर घरी यावं. चाळीस कागद फाडले तेव्हा रंग बसले.

मग अक्षरांचा दगड लावला आणि दोघंही खाली बसलो. सगळा कागद उलटला होता, त्यामुळे बैल सुलटे झाले पण त्यांच्या जागा फिरल्या होत्या. डाव्या टोकाचे उजव्या टोकाला. पाखऱ्याखाली चौदा नंबरचं नाव आलं.

बैल कापून त्यांच्या जागा बदलायला मी कात्री उचलली. नरसय्याने माझा हात धरला.

"बैलांना हलवू नका. नावं हलवतो मी."

त्याने ट्रान्सफरच्या कागदावर चोवीस नावं नव्या क्रमाने लिहिली. अक्षर असं की मोत्यांनी लाजावं. तिसऱ्या दिवशी दुपारी नंबर सतरा छापून निघाला. उजवा कान, उजवा खांदा, नाव पाखऱ्या. तात्याबांनी चित्र बैलाच्या नाकासमोर धरलं. बैलाने ते चाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी पाटील प्रेसमध्ये आले. नवं कार्ड हातात घेतलं, जुनं शेजारी ठेवलं, दारातल्या बैलाकडे पाहिलं.

"हं," ते म्हणाले. "परवा बैल कार्डासारखा नव्हता, म्हणून आज कार्ड बैलासारखं केलंस. उद्या तात्याबांनी म्हैस आणली तर म्हैस छापशील."

तीन दिवसांची मेहनत एका वाक्यात पाण्यात. तात्याबांनी कासरा सोडायला घेतला. मी त्यांना थांबवलं. राग आला होता, पण रागात मला चांगलं सुचतं.

एक छोटा कोरा दगड काढला, पाटलांपुढे ठेवला आणि त्यांच्या हातात खडू दिला.

"पाटील, तुमचं घर आणि विहीर काढा."

"मला चित्र येत नाही."

"घर चौकोन, विहीर गोल. येतंय की."

पाटील बसले. मधोमध एक रेघ ओढली. हा बांध. बांधाच्या उजवीकडे चौकोन आणि गोल. डावीकडचं रान चुलतभावाचं, तिथे त्यांनी झाडसुद्धा काढलं नाही. वैर जुनं होतं.

दगडाला गोंद आणि तेजाब लावून तयार करायला थोडा वेळ लागला. पाटलांनी शिवलिंगप्पांचा चहा घेतला आणि पुडीतलं कार्ड खिशात घातलं. मग मी दगड ओला केला, शाई फिरवली, कागद ठेवला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत दाबला. कागद त्यांच्याच हाताने उचलायला लावला.

घरासकट विहीर चुलतभावाच्या रानात गेली होती.

"इल्ल," पाटील म्हणाले. "हे मी काढलेलं नाही."

"दगड बघा. तुमचाच हात आहे."

त्यांनी दगड पाहिला, कागद पाहिला. मी रोलर पुसत राहिलो.

"विहीर माझ्याच रानात आहे," पाटील हळू म्हणाले.

"आहे की."

"कागद काहीही म्हणू दे."

"म्हणू दे की."

पाटील उठले, दारात गेले आणि बैलाच्या उजव्या खांद्यावरच्या भोवऱ्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग तात्याबांकडे वळून म्हणाले, "कासरा द्या."

"आदी म्हना," तात्याबा म्हणाले.

"काय म्हणू?"

"बाजारात म्हनला व्हता त्याच्या उलटं. आन् हितं न्हाय, बाजारात."

ते दोघं बैल घेऊन बाजारात गेले. मीही मागून गेलो, आरसा परत करायचा होता. पाटलांनी जिथे बैल खोटा म्हटलं होतं तिथेच उभं राहून खरा म्हटलं, आणि चांगल्या मोठ्या आवाजात. वळसंगपर्यंत ऐकू गेलं असेल. संध्याकाळी पाखऱ्या त्यांच्या गाडीला उजव्या अंगाने जुंपून निघाला. पहिल्याच हाकेला त्याने मान दिली. तात्याबांनी पटका सोडून तोंड पुसलं आणि मला म्हणाले, "मिस्त्री, तुमी लई तरास दिला."

सुलटा सेट शिवलिंगप्पांनी पुड्यांत घातला. जुनी कार्डं बदलून द्यायची त्यांनी तयारी ठेवली होती. एकही माणूस बदलायला आला नाही. सगळ्यांनी उलटे ठेवले आणि सुलट्यांसाठी पुन्हा चहा प्यायला सुरुवात केली. शिवलिंगप्पा पुढे लोकांना सांगत की दोन सेट काढायचं आधीच ठरलं होतं. मी त्यांना कधी खोडून काढलं नाही, ते आमचे गिऱ्हाईक होते.

मी दोन गोष्टी शिकलो. प्रूफ आलं की आधी अक्षरांवर तळहात ठेवतो आणि नुसतं चित्र बघतो. दुसरी गोष्ट अशी, की आपली चूक समोरच्याला पटवायची असेल तर आरसे धरू नयेत. तीच चूक त्याच्या हातून करून घ्यावी. पहिल्याच दिवशी पाटलांच्या हातात खडू दिला असता तर चाळीस कागद वाचले असते.