तपकिरी शाईतलं कार्ड

दोंडाईच्याच्या मिरचीबाजारात नवखा माणूस शिंकून शिंकून बेजार व्हायचा. लीलाधर वाणी मात्र त्याच धुरळ्यात बसून टपालाची कार्डं लिहायचे आणि डोळासुद्धा पुसायचे नाहीत.

लिलाव आटोपला, की मोहनलाल शेटजींच्या पेढीवर त्यांचं खरं काम सुरू होई. आज मिरची काय भावानं गेली, आवक किती, माल ओला की सुका, हे जळगाव, सावदा, भुसावळच्या व्यापाऱ्यांना कळवायचं. सगळ्यांना मजकूर एकच, खाली नाव पेढीचं, आणि गाडी गाठायची घाई. मजकूर बाजाराचा, नाव शेटजींचं. लीलाधरांचं त्यात काय होतं? शाई.

ती ते स्वतः बनवत. शाईची लाल वडी नि हिरवी वडी एका बाटलीत विरघळवायची, वर काळीचे दोन थेंब, की झाली तपकिरी. निळी उन्हात विटते, काळी डोळ्यांवर येते, असं त्यांचं म्हणणं. तपकिरी कार्डाच्या पिवळट कागदावर उतरली, की वाटे, ही वरून लिहिलेलीच नाही, आतून उगवलीय. पेन धावलं की ती पातळ चहासारखी फिकी होई, थबकलं की करपलेल्या गुळासारखी गडद. मजकूर तोच असला तरी दोन कार्डं कधी सारखी दिसत नसत. बायको लग्नानंतर लवकरच गेली होती, मूलबाळ नव्हतं, खोलीवर गेलं की कुलूप काढतानाचा काय तो आवाज. स्वतःचं म्हणून जगात काही पाठवावं, तर ते एवढंच.

पेढीवर थट्टा व्हायचीच. हमाल तोताराम पोतं टेकवता टेकवता विचारायचा, "आबा, आज पेनमा कालना चहा भरेल शे का?"

"चाखून बघ," लीलाधर मान वर न करता म्हणायचे.

पण मनात एक किडा वळवळत असे. कार्ड जातं तिकडे ही शाई कुणाच्या नजरेला पडते का? कळायला वाट नव्हती. भावाच्या कार्डाला कुणी उत्तर लिहीत नाही.

एकोणसत्तर साली पेढीवर फोन बसला. शेटजींनी त्याला हार घातला, पेढे वाटले आणि लीलाधरांच्या हातावर पेढा ठेवत म्हणाले, आता तुमच्या बोटांना आराम, भाव ट्रंककॉलनं जाईल, दिवाळीपासून कार्डं बंद. लीलाधरांनी पेढा खाल्ला. गोड लागला नाही, पण खाल्ला.

त्याच आठवड्यात जळगावला शांतीलाल शेटजींकडे मिरचीचा नमुना पोचवायचा होता. असल्या कामाला तोताराम जायचा. लीलाधर म्हणाले, मी जातो. शेटजींनी चष्म्यावरून पाहिलं. हा माणूस आजवर कुठं जातो म्हणाला नव्हता.

गाडीत ते मनातल्या मनात तालीम करत राहिले. आपण नाव सांगायचं. समोरचा म्हणणार, म्हणजे ती तपकिरी कार्डं तुमची? आपण नुसतं हसायचं. जास्त बोलायचं नाही.

शांतीलाल शेटजींनी मिरची मोडली, हुंगली, बिया तळहातावर घेतल्या, माल पसंत केला. चहा मागवला. पावसाचं बोलले, केळीचं बोलले. कार्डं मीच लिहायचो, असं लीलाधरांनी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा शेटजी "अच्छा, अच्छा" म्हणाले. शेवटी कपात बघत लीलाधरांनीच विचारलं, शाई लक्षात आली होती का?

शेटजी जरा ओशाळले. "खरं सांगू, लीलाधरभाऊ? तुमचं कार्ड मी कधी हातात धरलंच नाही. सकाळी मी आत पूजेत असायचो. आमचा गुमास्ता, पंडित, बाहेरून मोठ्यानं भाव वाचायचा, मी आतून ऐकायचो. शाई असलीच ठाऊक, तर त्याला."

पंडित आता जवळच असोद्याला मुलाकडे होता. वर्षापूर्वी त्याचे डोळे गेले होते.

परतीची गाडी सोडून लीलाधरांनी असोद्याची बस धरली. का, ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ज्यानं बघितलं त्याचे डोळेच गेले, आता विचारायचं काय!

पंडित अंगणात बाजेवर बसला होता. सुनेनं पाण्याचा तांब्या ठेवला, पाहुणे आल्याचं सांगितलं आणि ती आत गेली.

"दोंडाईच्याहून आलो," लीलाधर म्हणाले. "भावाची कार्डं लिहायचो."

पंडितचा हात हवेत चाचपडत पुढं आला. "तपकिरी?"

लीलाधर तो हात धरून बाजेवर बसले.

"काथ कालवायचात ना?"

"नाही हो. लाल-हिरव्या वड्या."

"घ्या! आणि मी सगळ्या बाजारात काथ म्हणून सांगितलं." पंडित हसला. "आवक लिहिताना तुमचं पेन थांबायचं. तिथं हटकून गडद. एकदा बरेच दिवस निळी कार्डं आली. म्हटलं, माणूस आजारी आहे, नाहीतर गेला."

"विषमज्वर होता."

"कोण होतं जवळ?"

"कुणी नाही."

"मी आलो असतो," पंडित म्हणाला. "पण नाव कुठं होतं कार्डावर? पेढीला काय विचारू, तपकिरीवाला कसा आहे म्हणून?"

लीलाधरांनी विचारलं, रोज एक कार्ड इकडं पाठवत जाऊ का? सूनबाई वाचून दाखवतील.

पंडितनं विचार केला. "नको. वाचते ती चांगली. पण ती भाव वाचेल हो."

आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"कार्ड आहे जवळ?" पंडितनं विचारलं. "एक लिहा. इथंच लिहा."

लीलाधरांनी गुडघ्यावर कार्ड धरून कालचा भाव लिहिला, आवक लिहिली आणि खाली स्वतःचं नाव. पंडितनं कार्ड घेतलं, त्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"काहीच लागत नाही हाताला. कशी उतरलीय?"

लीलाधरांनी कार्ड त्याच्या हातातच वाकून पाहिलं. "वर फिकी. खाली गडद."

"दमलात मग," पंडित म्हणाला. "टेका जरा पाठ. बस यायला अवकाश आहे." जागा द्यावी म्हणून तो सरकला, पण नेमका लीलाधरांच्याच अंगावर. लीलाधर हलले नाहीत. दोघं बाजेच्या एकाच कडेला दाटीनं बसून राहिले आणि उरलेली बाज तशीच रिकामी होती.