डाव्या डोळ्याचं भिंग

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात दृष्ट काढणं, अंगारा लावणं, सगळं बंद. माझ्या बाबांनीच बंद केलं होतं. म्हणून तर हे लिहावं की नाही यातच इतकी वर्षं गेली...

अकोल्याला ताजना पेठेत बाबांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं. चौदाव्या वर्षापासून मी त्यांच्या शेजारी बसायचो. भिंग उजव्या डोळ्याला, दिवा डावीकडे. हात चांगला बसला होता, आणि त्याचा मला माजही होता.

एकसष्टच्या दिवाळीनंतर एका सकाळी पाहतो तर माझा दिवा उजवीकडे ठेवलेला.

"आजपासून भिंग डाव्या डोयाले लावायचं," बाबा म्हणाले.

"काहून?"

"मी सांगून राहिलो म्हणून."

मी सव्वीस वर्षांचा, एका मुलीचा बाप, आणि हे असं! डाव्या डोळ्यानं चिमटा भलतीकडेच जायचा. एका वकिलाच्या घड्याळाची स्प्रिंग मी मोडली. बाबांनी त्यांची माफी मागितली, मला चकार शब्द बोलले नाहीत, पण भिंग उजवीकडे नेऊ दिलं नाही. तीन महिने रोजची धुसफूस. म्हातारा सटकला, असं मी बायकोजवळ बोललोही.

फेब्रुवारीत सकाळी अकराच्या सुमारास, चहा पिता पिता, माझा उजवा डोळा गेला. दुखलं नाही, खुपलं नाही... दुकानाचं शटर ओढावं तसा अंधार वरून खाली आला.

बाबा मला अमरावतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते म्हणाले, डोळ्याच्या पडद्याला रक्त नेणारी नस गाठ अडकून बंद झाली, नजर काही परत येणार नाही. पण एवढ्या तरुण माणसाला असं का व्हावं, ते त्यांनाही कळेना. घरात कोणाला असं झालंय का, त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, डोळ्याचं कोणालाच नाही. त्यांची एक बहीण, माझी आत्या, तेवढी बाळंतपणात पाय सुजून गेली. डॉक्टरांनी ते लिहूनही घेतलं नाही.

मला बाबांचाच संशय आला. त्यांनीच काहीतरी केलं असं वाटलं... त्याची लाज आजही वाटते. बसस्टँडवर मी विचारलं, "तुमाले मालूम होतं?"

बाबांनी डॉक्टरांची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. मग खाली पाहत म्हणाले, "दिवा हलवला, त्या सकायी तू समोर उभा होता. तुया डाव्या डोयात मी दिसत होतो. उजव्यात नव्हतो."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"कसं सांगू? आपल्या घरात असं बोलत नाही. मीच बंद केलं ना."

त्या डाव्या डोळ्यावर मी पुढं चाळीस वर्षं दुकान चालवलं, मुलीला शिकवलं.

मागे नातीच्या पायात रक्ताची गाठ झाली. पुण्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, रक्त लवकर गोठण्याचा दोष आमच्या घराण्यातच आहे. आत्याचा पाय, माझा डोळा, सगळं त्यातलंच. नातीला गोळ्या सुरू झाल्या. ठीक... डोळा का गेला ते कळलं. पण नस तर फेब्रुवारीत बंद झाली. बाबांना तीन महिने आधी काय दिसलं? उजेडाचा भास म्हणावा, तर नेमका उजवाच कसा? मला अजूनही कळलेलं नाही.

नात सुट्टीत आली की मी तिला दारातच उजेडात उभी करतो. "आबा, काय पाहता?" ती हसते. मी काही सांगत नाही. आपल्या घरात असं बोलत नाही. आधी तिचा डावा डोळा पाहतो, मग उजवा. दोन्हींत मी दिसलो, की मगच तिला आत येऊ देतो.