मुरगूडकडचा रस्ता, शेरा: चांगला

रस्ते मोजणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात, गाडीच्या टपावर धूळ साठते तसे. चहाला बसलं की मित्र म्हणतात, "सांग की तुझ्या तानाजीमामांचं!" मी सांगतो, ते हसतात. पण यंदा मलाच हसू येईना. बहीण वैशाली मुरगूडजवळ सासरी, तिला आठवा लागलेला, बाळंतपण कोल्हापुरात ठरलेलं, आणि मधला आडरस्ता मोजायचं काम नेमकं आमच्याकडे. शेरा 'वाईट' गेला तरच पावसाआधी दुरुस्ती होणार होती.

*

तानाजीमामा म्हणजे आमचे ड्रायव्हर. रस्ता किती खराब ते मोजायचं मशीन त्यांच्या जीपच्या मागच्या चाकाशी बसवलेलं. चाकाला जितके धक्के बसतील तितका आकडा वाढतो. पहिल्या फेरीला आकडा इतका कमी आला की आमची इंजिनिअर स्नेहल मशीन उघडून बसली. मशीन ठणठणीत होतं. मामांनी एकूण एक खड्डा चुकवला होता!

"मामा, खड्ड्यातनंच न्यायची गाडी."

मामांचा चेहरा पडला. "सायेब, आजवर एका पावण्याचं डोस्कं टपाला लागू दिलं न्हाय मी."

*

दुसऱ्या फेरीला मामांनी मन घट्ट केलं. समोर खड्डा आला. मामांनी स्टिअरिंग आवळलं, डोळे मिटले, आणि जीप अलगद डावीकडून निघून गेली.

"मामा, अहो!"

"मी डोळं मिटल्यालं की. हातानं केलं त्ये."

*

मग स्नेहलनं मोबाईलवर एक ॲप घेतलं. मोबाईल डॅशबोर्डवर ठेवला की तोच हादरे टिपतो. ती मागे लॅपटॉप घेऊन बसली. मामांना बजावलं होतं, तेही बिचारे दोन-चार खड्ड्यांतनं गेले. आमची हाडं खिळखिळी झाली, तरी आलेख सपाट!

पुढे वाकून पाहिलं तर मोबाईलखाली टॉवेलची चौपदरी घडी. मामा म्हणाले, "ताईंचा नवा फोन हाय. आपटला असता म्हंजे?"

स्नेहल हसली. मला मात्र वैशाली आठवत होती. तिला आता नववा लागला होता.

*

चौथ्या फेरीला स्टिअरिंग मीच घेतलं. पाहतो तर रस्त्यावर खड्डाच नाही! सारखी जीप येते म्हणून गावानं खड्ड्यांत मुरूम भरून, पाणी मारून, वरनं ट्रॅक्टर फिरवला होता. एक आजोबा चहा घेऊन उभे होते.

"गावची अब्रू हाय, पावणं. कोल्हापूरची मानसं येनार, आन् खड्डं दावायचं व्हय?"

"आजोबा, खड्डे दिसले तरच रस्ता होणार ना!"

आजोबांनी कपाळावर हात मारला. "आदी सांगायचं न्हाय व्हय? उकरतो की परत."

तोवर आकडा ऑनलाईन गेला होता. मी धावतपळत वरच्या साहेबांकडे गेलो, चारी फेऱ्यांची कथा सांगितली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चारी वेळा आकडा सारखाच आलाय. याच्याइतका भरवशाचा डेटा आपल्याकडे दुसरा नाही."

शेरा पडला, 'चांगला'. रस्ता दुरुस्तीतून गळाला.

*

पाऊस लागला, मुरूम वाहून गेला. एका दुपारी दाजींचा फोन आला.

"वैशालीला आजच ॲडमिट कराय सांगितलंय. वाटेत धक्का बसाय नगो म्हनत्यात डॉक्टर. रस्ता कसा हाय?"

समोर स्क्रीनवर 'चांगला' दिसत होतं. शेजारी बसलेल्या मामांनी फोनमधला आवाज ऐकला होता. ते किल्ली घेऊन उठले.

येताना वैशालीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मला त्या रस्त्यावरचा एकेक खड्डा पाठ. पुढचा आला की मी श्वास रोखायचो, डोळे मिटायचो. जीप डावीकडे जायची, उजवीकडे जायची, कधी एक चाक साइडपट्टीवर चढायचं.

दवाखान्याच्या दारात जीप थांबली. वैशालीला गाढ झोप लागली होती. हलवलं तसं तिनं डोळे उघडले, काचेतनं बाहेर पाहिलं.

"आलं व्हय कोल्हापूर? दादा, रस्ता कधी नवा केला रे?"