सुपारीतला तिसरा माणूस

चाकणची ती दुपार आठवली की आजही मला हायसं वाटतं.

एका कंपनीसमोरच्या टपरीवाल्याने आमच्या पोलीस ठाण्यात खबर दिली होती. "साहेब, एक पोरगा रोज गाडीवर येऊन बसतो. कामाला न्हाई, पण पहिली शिफ्ट कधी सुटती ते इचारतो." त्याला आम्ही लॉजवरून उचललं. पंचांसमक्ष झडती घेतली, तेव्हा गावठी कट्टा निघाला. सुपारी घेतल्याचं त्याने लगेच कबूल केलं. पण मारायचं कोणाला, ते माहीत नाही म्हणाला. आमचा हवालदार म्हणाला, "मग काय चिठ्ठ्या टाकून मारणार होतास, भावा?"

पोरगा खरंच सांगत होता. नाव त्याला माहीत नव्हतं. मोबाइलवर फोटो पाठवला तर पुरावा राहतो, म्हणून तोही दिला नव्हता.

"आज गेटवर एक जण त्याच्या खांद्यावर हात ठेवणार," तो म्हणाला. "ज्याच्यावर हात, तो आपला."

शिफ्ट सुटायला तासभर होता. हा पकडला गेल्याचं बाहेर कळलं असतं, तर सुपारी दुसऱ्याला गेली असती आणि मरणारा कोण, हे आम्हाला कळलंच नसतं. आमचा एक शिपाई त्याचं जॅकेट आणि हेल्मेट घालून त्याच्याच गाडीवर बसला. बाकीचे साध्या वेशात टपरीवर.

गेट उघडलं आणि चारशेवर माणसं एकाच निळ्या गणवेशात बाहेर पडली. खांद्यावर हात टाकून चालणारे तर डझनभर. पण एकाने गाडीकडे पाहिलं, सोबत्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतः मात्र झटकन बाजूला सरकला. आम्ही दोघांनाही धरलं.

"अहो राव, माझी बस सुटंल," सोबती चिडून म्हणाला.

तो कामगार प्रतिनिधी होता. भंगाराच्या चोरीची तक्रार त्याने केली होती. हात ठेवणारा रोज त्याच्यासोबत डबा खाणारा मित्र. या मित्राच्या जबाबावरून सुपारी देणारा भंगाराचा ठेकेदारही कोठडीत आला.

लोकांना सुपारी म्हटलं की देणारा आणि घेणारा एवढेच दिसतात. घेणारा बहुधा परका असतो, त्याला माणूस दाखवावा लागतो. दाखवणारा जवळचाच असतो. सुपारीच्या पुढच्या प्रत्येक तपासात मी आधी त्यालाच शोधलं.

सगळं ऐकल्यावर तो कामगार ठाण्यातल्या बाकावर बसला. मग त्याने दापोडीला बायकोला फोन लावला.

"उशीर होईल गं," तो म्हणाला. "पण येतोय."