मानाचे अकराशे एक रुपये

संक्रांतीनंतरचा पहिला मंगळवार, सकाळची वेळ. रक्कम अकराशे एक रुपये, सोबत हिरवी साडी आणि नारळ. हजर माणसं तीन: मी, आमचे मालक आणि बीडहून रिक्षा करून आलेल्या माझ्या मुलीच्या गुरुमाई. मुलगी स्वतः आली नव्हती. अशा कामाला जिच्यासाठी जायचं तिला सोबत नेत नाहीत, असं गुरुमाईंनी सांगितलं.

गुरुमाई म्हणजे बीडमधल्या तृतीयपंथी लोकांच्या एका घरातल्या थोरल्या. माझी मुलगी सात वर्षांपासून त्यांच्याकडे राहते. ती जन्मली तेव्हा मुलगा म्हणून पेढे वाटले होते आणि एकोणीस वर्षं ती आमच्या घरात मुलगा म्हणूनच वाढली. मग बीडला कॉलेजात गेली आणि तिथून या घरी. आम्ही तिला घराबाहेर काढलेलं नाही. हे आधीच लिहिते, कारण लोक तसं धरून चालतात. बचत गटाच्या कामासाठी मला महिन्यातून एकदा बीडच्या बँकेत जावं लागतं. काम आटोपलं की ती मला बसस्थानकात भेटते. आम्ही रस पितो, ती घरच्या शेळ्यांची चौकशी करते आणि मला नेकनूरच्या गाडीत बसवून देते. तिला मुलगी म्हणायला मला दोन वर्षं लागली. आता सहज येतं.

गुरुमाईंचं घर स्थानकापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. मी एकदाही गेले नव्हते. बोलावणं नव्हतं असं नाही. मला जायचं नव्हतं.

गुरुमाई आमच्या अंगणात बाजेवर बसल्या. उंच बाई, पन्नाशी ओलांडलेली, चष्म्याला दोरी. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी सरळ विषय काढला. पुढच्या महिन्यात बीडला त्यांच्या लोकांची दोन दिवसांची परिषद होती. दाखले, रेशनकार्ड, दवाखाना असे विषय, बाहेरगावचे पाहुणे. "सगळी थोर मंडळी एका ठिकाणी पुन्हा कधी येणार?" त्या म्हणाल्या. "म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी तुमच्या लेकीला दूधबेटी करून घ्यायचं म्हणते."

मालकांनी विचारलं, "म्हंजे?"

"आज ती माझी चेली हाय, दादा. चेली उद्या दुसऱ्या गुरूच्या घरी जाऊ शकते. दूधबेटी जात न्हाई. जमातीसमोर मी तिला दूध पाजणार. आमच्या घरात अशी रीत हाय की जन्म देणारी हयात असली तर दूध तिनं आपल्या हातानं आणून माझ्या हातात द्यायचं. आणि आमी तिच्या दुधाचा मान करायचा. हा तो मान."

त्यांनी साडी, नारळ आणि पाकीट बाजेवर ठेवलं. मी पाकीट उघडून मोजलं. मोजल्याशिवाय मी काही ठेवून घेत नाही.

"अकराशे एक कुणी ठरवले?" मी विचारलं.

"माझ्या मायला माझ्या गुरूनं एकशे एक दिलते, ताई. तिनं दार लावून घेतलं. तवापासून महागाई लई वाढली."

मालक हसले. मला हसू आलं नाही. मी पाकीट त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी ते परत माझ्याकडे सरकवलं. "आता उचललं तर माझा अपमान. नकोच असलं तर परिषदेला येऊन सगळ्यांसमोर नको म्हणा."

मी जेवायला थांबा म्हटलं, वांगं केलंय. त्या म्हणाल्या, "मला चालतं की. लेकीला चालत न्हाई. तोंड खाजतं तिचं."

हे मी पहिल्यांदा ऐकत होते. आठवड्यातून दोनदा तरी आमच्याकडे वांगं होत असे आणि ती मुकाट्यानं खात असे. माझ्या घरात एकोणीस वर्षांत जे तिनं सांगितलं नाही ते त्या घरात सांगितलं होतं. गुरुमाई भाकरी कुस्करून जेवल्या, चव चांगली आहे म्हणाल्या आणि गेल्या. मी मात्र दिवसभर त्याच एका वाक्यावर अडकून राहिले.

पाकीट मी घरखर्चाच्या डब्यात टाकलं नाही. ते आमचं नव्हतं. फळीवर साडीखाली ठेवलं.

जायचं की नाही, हे ठरवायला मला तीन आठवडे लागले. गटात कर्जाचा अर्ज आला की मी दोन्ही बाजू मांडून घेते. तसं इथं करून पाहिलं. जाऊ नये, कारण गेले की मी माझ्या हातानं मुलगी देऊन आले असं होणार. जावं, कारण मी नाही गेले तर दूध बाजारातून येणार आणि काम होऊनच जाणार. इतपत सरळ होतं. पण मनात जे चाललं होतं ते या दोन्हींत बसत नव्हतं. मला त्या बाईचा हेवा वाटत होता. मुलगी तिच्याशी फोनवर बोलताना मी एकदा स्थानकात ऐकलं होतं. "अम्मा, गोळी घेतली का? खोटं नका बोलू." असा दटावणीचा सूर तिनं माझ्याशी कधी लावला नव्हता. माझ्याशी ती पाहुण्यासारखी बोलते. हळू, गोड, रस संपेपर्यंत.

आणि दूध. तोच शब्द नेमका त्यांनी आणला होता. ही जन्मली तेव्हा मला ताप भरला आणि एकविसाव्या दिवशी अंबाजोगाईच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. मी परत आले तेव्हा माझं दूध आटलं होतं. तोवर मालकांनी तिला शेळीच्या दुधाची सवय लावली होती, वाटी-चमच्यानं. पुढं तर ती धार काढताना त्यांच्यापाशी जाऊन तोंड उघडून बसायची आणि ते थेट तिच्या तोंडात धार सोडायचे. मी चुलीपाशी बसून बघायची. तेव्हाही मला असंच वाटायचं, ते आठवलं.

मुलीचा फोन आला. "माय, अम्मा आलत्या ना? तुला काय वाटलं?"

"काय वाटायचं? वांगं खाल्लं त्यांनी."

ती म्हणाली, "तू ये म्हणून मी मागं लागणार न्हाई. आलीस तर ये. न्हाई आलीस तरी चालंल."

"चालंल तर कशाला येऊ?"

"तसं न्हाई गं. तुझ्यावर जोर नको म्हणून."

"त्यांच्यावर करतेस की जोर. गोळ्या घ्या म्हणून."

ती ठेवते म्हणाली. मी त्याच रात्री ठरवलं की जायचं नाही, आणि मालकांना तसं सांगितलं. पाकीट आणि साडी गटाच्या एखाद्या बाईबरोबर पाठवून देऊ म्हटलं.

मालक शेळ्यांच्या खुरांना औषध लावत होते. खाली बघूनच म्हणाले, "मग मी जातो."

"तुमी काय करणार तिथं?"

"दूध देईन. रोज काढतो कोण?"

"त्यांच्यात आई लागती."

"कावून? बाप न्हाई चालत? विचारून तर बघतो. लई झालं तर बसून बुंदी खाऊन येईन."

ते थट्टा करत नव्हते. त्यांनी पांढरा सदरा धुवायला टाकला. परिषदेच्या आदल्या संध्याकाळी तो दोरीवर वाळत होता आणि मी त्याच्याकडे बघत होते. ते जाणार, तिथं बसणार, मुलगी धावत येऊन त्यांच्या पाया पडणार. गुरुमाई त्यांना दादा म्हणून पहिल्या रांगेत नेणार. संध्याकाळी परत येऊन ते काय काय झालं ते सांगणार आणि मी भाकरी वाढत ते ऐकणार. मी सदरा दोरीवरून काढून त्याची घडी घातली आणि तो पेटीत ठेवला. त्यांना म्हटलं, सकाळी काळ्या शेळीचं दूध वेगळं काढा, मीच जाते.

"बरं," ते म्हणाले. त्यांना हेच हवं होतं की काय, ते मी विचारलं नाही.

दूध तापवून, गार करून, झाकणाच्या स्टीलच्या बरणीत घेतलं. अर्धा लिटर. पिशवीत साडी, नारळ, पाकीट. परिषद एका मंगल कार्यालयात होती. दारात टेबलावर एक पोरगी नावं लिहून घेत होती. "कुठल्या संस्थेकडून?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "आई आहे." तिनं माझ्या गळ्यात पाहुण्यांची पट्टी घातली.

मी काहीतरी भयंकर किंवा भारी बघायला मिळेल असं धरून गेले होते. तसं काही नव्हतं. आमच्या गटांच्या मेळाव्यात होतं तेच. माईक किरकिरत होता, पाहुणे उशिरा आले होते, मागच्या खुर्च्यांवरच्या बायका चपलांवरून भांडत होत्या. माझी मुलगी व्यासपीठावर होती. ओळखपत्रासाठी अर्ज कसा करायचा ते ती समजावून सांगत होती. कुणी मध्येच विचारलं की थांबायची, पुन्हा पहिल्यापासून सांगायची. मोठी सभा असूनही तिचा आवाज चढला नाही. हे ती कुठं शिकली, असं माझ्या मनात आलं आणि उत्तरही लगेच आलं, ते मला आवडलं नाही.

मी गुरुमाईंना पहिल्या रांगेत शोधलं. त्या तिथं नव्हत्या. शेवटच्या रांगेत, पंख्याखाली एकट्या बसल्या होत्या. मी दिसताच त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली. मी बसले.

"तुमी येणार न्हाई असंच धरून चाललते मी," त्या म्हणाल्या.

"मीही."

"खरं सांगू का ताई? न्हाई आला असता तर बरं झालं असतं मला."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या समोरच बघत होत्या.

"रीत हाय म्हणून आलते तुमच्या घरी. यायचं म्हणून आलते, तुमी यावं म्हणून न्हाई. स्थानकावर तुमाला भेटून आली की दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलत न्हाई. शेळ्यांच्याच गोष्टी. कोणती व्याली, कोणती विकली. मला काय करायचं तुमच्या शेळ्यांचं?"

या बाईला माझा हेवा वाटतो, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. इतकं बरं की मी त्यांच्यापुढं पाण्याची बाटली धरली.

"मग थांबवा की," मी म्हटलं.

"आता कसं थांबवू? पाहुणे बोलावलेत."

दुपारी जेवणानंतर आम्ही आतल्या खोलीत गेलो. दारावर 'वधूपक्ष' अशी पाटी होती. सतरंजीवर वीस-बावीस माणसं बसली होती. मुलगी आली, माझ्या पायाला हात लावला, मग गुरुमाईंच्या. हळूच म्हणाली, "माय, आलीस." तिनं इतका वेळ दाराकडे किती वेळा पाहिलं असेल, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. 'चालंल' म्हणाली होती ते खरं नव्हतं.

मी बरणीतलं थोडं दूध चांदीच्या वाटीत ओतलं. वाटी गुरुमाईंच्या हातात दिली. माझा हात वाटीवरून लवकर निघाला नाही. त्यांनी ओढली नाही, थांबल्या. मग मी सोडली. त्यांनी मुलीला तीन घोट पाजले. उरलेलं तिनं आपणहून वाटी धरून संपवलं आणि ओठ पुसले.

बाहेरगावच्या एक म्हाताऱ्या बाई मला म्हणाल्या, "आता पदर पुढं कर. दुधाचा मान घे."

मी पिशवीतून पाकीट, साडी आणि नारळ काढून गुरुमाईंपुढं ठेवलं. म्हटलं, "हिला माझं दूध मिळालं ते वीस दिवस. पुढं ही शेळीच्या दुधावर वाढली. दुधाचा मान मला घेता येत नाही. तो खोटा होईल."

"माय, इथं कशाला?" मुलगी पुटपुटली.

मागून कुणीतरी म्हणालं, "मग काय, साडी शेळीला नेसवायची का?" सगळे हसले. मुलगीसुद्धा.

गुरुमाई हसल्या नाहीत. "रिकाम्या हातानं तुमाला पाठवलं तर रीत पुरी होत न्हाई, ताई."

"रिकाम्या हातानं नाही जात मी. हे दूध शेळीचं आहे. आमच्याकडं साठ रुपये लिटरनं जातं. अर्धा लिटर होतं."

खोलीत गलका झाला. त्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, असं कधी झालं नाही. मान घेतला की देणारीचं काम संपतं, तिनं घरी जायचं असतं. दूधवालीचं तसं नसतं. ती उद्याही दारात येते. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण गुरुमाईंना ते कळलं असावं. चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

"लई चिवट हाव तुमी," त्या म्हणाल्या.

"तुमीही."

"महिन्याला बँकेत येता तवा घेऊन या मग. स्थानकात न्हाई. घरी." मग म्हाताऱ्या बाईंकडे वळून म्हणाल्या, "आईच्या हातात पैसे पडले म्हंजे झालं. किती, ते रीतीत कुठं लिवलंय?"

साडी, नारळ आणि अकराशे एक रुपये गुरुमाईंकडे परत गेले. अर्धा लिटर दुधाचे तीस रुपये, दहाच्या तीन नोटा, त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या हातात दिले.